कफील कोणी व्हायचे?

ओमानचे नट तालिब अल बलुशी यांचे नाव आपल्या वाचकांपैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. चेहरा मात्र आता पुष्कळांच्या ओळखीचा झाला आहे. ‘आडुजीवितम’ या मल्याळी चित्रपटात नजीबला विमानतळावरून गाडीत घालून नेणारा आणि शेळ्यामेंढ्यांच्या कळपात कोंडून ठेवणारा कफील, म्हणजे परदेशी मजुराचा जामीनदार मालक, तो हाच. चित्रपट मार्च २०२४ मध्ये लागला, जुलैमध्ये नेटफ्लिक्सवर आला आणि अरबी बोलणाऱ्या घराघरांत पोहोचला. तेथून भांडण पेटले. ही आमची बदनामी आहे, असे कित्येक सौदी प्रेक्षक म्हणू लागले. दिग्दर्शक ब्लेसी परके, नायक पृथ्वीराज सुकुमारन परका; बलुशी मात्र खाडीतलेच, शेजारच्या घरातले. म्हणून त्यांच्यावर राग अधिक. त्यांना सौदी अरबस्तानात बंदी झाल्याची आवईही उठली.

याच चित्रपटात जॉर्डनचे नट अकेफ नजम यांनी वाळवंटातून पळालेल्या नजीबला गाडीत घेणाऱ्या भल्या अरबाचे काम केले आहे. त्यांनी सौदी जनतेची माफी मागितली. आपण आपली भूमिका चांगली म्हणून पत्करली, सगळी कथा आपल्याला ठाऊक नव्हती, असे सांगितले. आम्हाला याची गंमत वाटते आणि वाईटही वाटते. भला माणूस रंगवणारा माफी मागतो, आणि वाईट माणूस रंगवणाऱ्याने शिव्या खायच्या!

आपल्या लोकांना हे नवे नाही. निळू फुले सेवा दलाच्या कलापथकातून आलेले, अत्यंत साधे गृहस्थ. पण पडद्यावरचा त्यांचा पाटील पाहून बायका त्यांच्यापासून चार हात दूर राहत. १९७२ साली ‘सखाराम बाइंडर’ रंगभूमीवर आले तेव्हा सखाराम तेच होते, आणि त्या नाटकाचे भांडण कोर्टापर्यंत गेले. नादिराबाई बगदादी यहुदी घरातल्या. ‘श्री ४२०’ मधली माया त्यांनी अशी वठवली की पुढे त्यांच्या वाट्याला पुन्हा पुन्हा तसल्याच बाया आल्या. काम चोख केले याचीच शिक्षा.

बलुशींचे काम तितके चोख आहे का? आमच्या मते आहे. ते दात-ओठ खात नाहीत. मारतानाही त्यांच्या चेहऱ्यावर मजा दिसत नाही. दार अडकले की माणूस जसा दाराला लाथ घालतो, तसे ते नजीबला मारतात. आपण अन्याय करतो आहोत हे त्या माणसाच्या ध्यानातच नाही, आणि अंगावर काटा येतो तो त्यामुळे. जाता जाता सांगावेसे वाटते: बलुशी म्हणजे बलुच. मकरान किनाऱ्यावरचे ग्वादर १९५८ पर्यंत ओमानच्या सुलतानाकडे होते, आणि त्या किनाऱ्यावरची कित्येक घराणी ओमानात स्थिरावली. समुद्र ओलांडून दुसऱ्याच्या मुलखात पोट भरणे म्हणजे काय, हे ओमानातल्या नटाला कोणी शिकवावे लागत नाही.

चित्रपटाविषयी मात्र आमची तक्रार आहे, ती सौदी प्रेक्षकांच्या तक्रारीहून वेगळी. हा कफील माणूस म्हणून फारसा उलगडत नाही. बेन्यामिन यांच्या मूळ कादंबरीत पाऊस आला की हाच मालक भेदरून जातो. तेवढ्या एका गोष्टीने तो माणूस होतो. दिग्दर्शकाला अशा जागांपेक्षा नायकाच्या बरगड्या अधिक प्रिय. पृथ्वीराज यांनी तीस किलोंवर वजन उतरवले, टाळेबंदीत सगळा चमू जॉर्डनच्या वाळवंटात अडकला, हे जाहिरातीत इतके वाजले की कष्ट म्हणजेच कलेतली सचोटी असे वाटू लागावे. तसे नसते. उपाशी राहून केलेला अभिनयही खोटा पडू शकतो. इथे तो बहुतेक जागी खरा आहे. उत्तरार्धातल्या वाळवंटातल्या भटकंतीत, रहमान यांचे संगीत चढत जाते तेव्हा, थोडा ताणलेला वाटतो.

केरळ राज्याने या चित्रपटाला नऊ पुरस्कार दिले. २०२५ मध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय पुरस्कारांत मात्र एकही मिळाला नाही. ज्यूरीचे अध्यक्ष आपले आशुतोष गोवारीकर. त्यांना रूपांतर आणि अभिनय नैसर्गिक वाटला नाही, असे ज्यूरीतल्या मल्याळी सदस्याने नंतर सांगितले. मत म्हणून आम्ही ते मानतो, अर्धे पटतेही. पण याच ज्यूरीने दिग्दर्शनाचा पुरस्कार ‘द केरला स्टोरी’ला दिला. त्या चित्रपटाच्या टीझरमध्ये बत्तीस हजार मुलींची गोष्ट म्हटले होते, ती पुढे तीन मुलींवर आली. ‘आडुजीवितम’ एका माणसाची गोष्ट सांगतो आणि एकाचीच म्हणतो. सचोटी मोजायची तर आम्ही तिथून मोजू.

ही जुनी गोष्ट आहे, आता कायदे बदलले, असेही म्हटले गेले. काही बदलले खरे. ओमानात जुन्या मालकाच्या ना-हरकत पत्राशिवाय कामगाराला नवी नोकरी धरता येत नसे, ती अट जानेवारी २०२१ पासून गेली. सौदीने त्याच वर्षी मार्चमध्ये सुधारणा केल्या. पण त्यांतून घरकामगार आणि मेंढपाळ वगळले. मेंढपाळच! मग नजीबची गोष्ट जुनी कशी?

आपणही फार ताठ बसू नये. कामगाराला एकाच मालकाशी बांधून ठेवण्याच्या इस्राएलमधल्या पद्धतीला इथल्याच सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली आधुनिक गुलामगिरीचा प्रकार म्हटले होते. हा चित्रपट आम्ही अश्दोदमध्ये एका वयस्कर मावशींच्या घरी, हिंदीतून पाहिला. त्यांना सांभाळायला केरळची मेटापेलेत आहे. तीही बसली होती. कफील पासपोर्ट ताब्यात घेतो त्या प्रसंगी मावशींनी सहज विचारले, “तुझा कुठे असतो गं?” ती म्हणाली, “तुमच्याच कपाटात, अम्मा. भैयांनी ठेवलाय.” मुलाने हरवू नये म्हणूनच ठेवला होता. मावशींनी चित्रपट थांबवायला लावला, किल्ली शोधली, पासपोर्ट तिच्या हातात दिला, आणि मग पुढचे पाहिले. त्या घरात पोरीला कोणी वावगा शब्द बोलत नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. पण बलुशींचा कफीलही स्वतःला वाईट माणूस समजत नाही.

चित्रपट तीन तासांना थोडा कमी आहे. लहान मुलांना दाखवू नये. ज्यांच्या घरी मेटापेलेत आहे त्यांनी तिला बरोबर घेऊन पाहावा. मल्याळी आवृत्ती लावली तर तिला अधिक बरे, आपल्याला खालची अक्षरे वाचता येतात. बलुशींचे काम पाहण्यासाठी पहिला तासही पुरेसा आहे.