नाथसागर : एका नावाचे परीक्षण

ग्रंथांची परीक्षणे वाचण्यास बसलेल्या वाचकास येथे एका जलाशयाचे परीक्षण पाहून नवल वाटेल. परंतु पैठणच्या या पाण्यास आपण नाव दिले आहे, त्याची वर्णने लिहिली आहेत; आणि शब्द आले की तेथे टीकाकाराचा अधिकार पोहोचतोच. शिवाय नाव देणाराने नावे ठेवून घेण्याची तयारी ठेविली पाहिजे.

धरणाचे सरकारी नाव जायकवाडी. हे गाव बीड जिल्ह्यातले. आरंभी धरण तेथे योजिले होते. पुढे जागा बदलून पैठणास आली, आणि नाव तेवढे जुन्या गावाचे राहिले. १८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते पायाभरणी झाली, २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधी यांनी उद्घाटन केले. दहा किलोमीटर लांबीचा बांध आणि सत्तावीस दरवाजे असलेल्या या कामास ज्या गावाचे नाव, तेथे ते नाही, ही गोष्ट कोणास विनोदी वाटेल. आम्हांस ती प्रामाणिक वाटते. त्या नावात निदान बढाई नाही.

बढाई आहे ती वर्णनांत. नाथसागरावरील लेख उघडावा, तो पहिल्या चार ओळींत ‘अथांग’ हा शब्द भेटलाच म्हणून समजावे. आता हिशेब पाहा. पाण्याचा विस्तार सुमारे ३५० चौरस किलोमीटर, आणि पूर्ण साठा २,९०९ दशलक्ष घनमीटर. भागाकार केला तर सरासरी खोली साडेआठ मीटरदेखील भरत नाही! गावच्या कित्येक विहिरी याहून खोल असतात. हे पाणी खोल नव्हे, पसरट आहे. म्हणूनच वैशाखाचे ऊन त्यातील फार मोठा वाटा वाफ करून नेते. आणि म्हणूनच त्याच्या उथळ, चिखलाळ काठांवर रोहित पक्षी उतरतात व १९८६ साली त्याचे पक्षी-अभयारण्य झाले. एका चुकीच्या विशेषणाने या जलाशयाचा दोष आणि शोभा ही दोन्ही एकदमच झाकली जातात.

याच्या उलट, पाटबंधारे खात्याच्या रूक्ष भाषेत एक शब्द असा आहे की कवीस हेवा वाटावा. एकूण साठ्यापैकी ७३८ दशलक्ष घनमीटर पाणी कालव्यांस मिळत नाही, त्यास ‘मृत साठा’ म्हणतात. २०१६ च्या उन्हाळ्यात जिवंत साठा संपला, तेव्हा छत्रपती संभाजीनगरच्या घरोघरी जे पाणी गेले ते या मृत साठ्यातले. मेलेल्या पाण्याने शहर जगविले!

आता मुख्य प्रश्न ‘नाथ’ या पदाचा. ते केवळ स्थलमाहात्म्यासाठी घातले असेल; पण एकनाथांचे नाव पाण्यावर घालणे ही जोखमीची गोष्ट आहे. रामेश्वरास वाहावयाची गंगेची कावड ज्यांनी तृषार्त गाढवाच्या मुखी रिती केली, ज्यांच्या घरी श्रीखंड्याने कावडीने पाणी भरले अशी श्रद्धा आहे, त्यांचे नाव घेतले की हे पाणी प्रथम कोणाचे, हा प्रश्न आपोआप उभा राहतो. तो प्रश्न वर्षानुवर्षे कोर्टकचेरीत उभा आहे. दारणा, गंगापूर, मुळा, भंडारदरा ही वरची धरणे आधी भरतात. अवर्षणाच्या साली खाली पैठणास वाट पाहावी लागते. २००५ च्या कायद्याने समन्यायी वाटपाचे तत्त्व मान्य झाले, २०१६ साली मुंबई उच्च न्यायालयानेही त्यास दुजोरा दिला. तरी पाणी सोडण्याचा दिवस आला की दोन्हीकडे मोर्चे निघतात. नाशिक-नगरकडील शेतकऱ्याच्या उभ्या उसाची आणि द्राक्षांची चिंता खोटी नाही, हे आम्ही जाणतो. पण कावड घेऊन निघालेल्या नाथांचा संकल्पही खोटा नव्हता.

म्हणून आमचे मत असे की ‘सागर’ हे पद गाळले तरी चालेल, ‘नाथ’ मात्र ठेवावे.

आणखी एक नाव या पाण्यास आहे, ते कोठे छापलेले नाही. ज्यांची घरे-शेते यात बुडाली, त्यांच्यापैकी काहीजण पाणी ओसरले म्हणजे उघड्या पडलेल्या जमिनीत गाळपेर करतात. त्यांना गाव विचारावे, तर ते पाण्याकडे हात करतात आणि एवढेच म्हणतात, “धरणात गेलं.”