सौष्ठवाची शाळा

तिरुवान्मियूरचे कलाक्षेत्र मी प्रथम पाहिले ते मनात थोडा आकस ठेवूनच. मी बालसरस्वतींचा पक्षपाती. शृंगार हाच भरतनाट्याचा मुख्य रस, तो चाळून टाकणे म्हणजे नृत्याला दरिद्री करणे, हे त्यांचे म्हणणे मला आजही पटते. आणि रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी १९३६ साली अड्यारला स्थापन केलेली ही संस्था म्हणजे त्या सोवळेपणाचे पीठ, अशी माझी समजूत होती.

पहिला धक्का सकाळच्या वर्गात बसला. वडाखालची प्रार्थना संपवून मुली आपापल्या वर्गात गेल्या. लाकडी ठोकळ्यावर काठीचा ठेका सुरू झाला, ‘तैय्या तै’चे बोल सुरू झाले, आणि तासभर एकच अडवू चालला होता. गुरूने दुरुस्ती केली ती फक्त कोपराची. आपल्याकडे दोन-तीन वर्षे क्लासला गेलेल्या मुलीचे अरंगेत्रम् लग्नासारखे साजरे होते, जेवणावळीसकट. येथील पदविकेलाच चार वर्षे लागतात. नर्तकीला गाणेही शिकावे लागते. शेजारी हातमाग आहेत, कलमकारी आहे, स्वामीनाथ अय्यरांच्या नावाचा ग्रंथसंग्रह आहे. कला हा वेळापत्रकातला एक विषय नसून राहण्याची एक रीत आहे, हे तिथे कोणी सांगत नाही, ते दिसते.

पण शाळा चांगली म्हणून कला मोठी ठरत नाही. १९५५ ते १९७० या काळात रुक्मिणीदेवींनी रामायणावर सहा नृत्यनाट्ये रचली. त्यांपैकी आरंभीच्यांना संगीत दिले ते नव्वदीकडे झुकलेल्या म्हैसूर वासुदेवाचार्यांनी. त्यांपैकी ‘शबरी मोक्षम्’ मी पाहिले. रंगमंचाची मांडणी, पात्रांचे येणे-जाणे, रंगांचा संयम यांत कोठेही हिणकस काही नाही. तरीही शबरी वाट पाहत होती तेव्हा मला वाटले, हिला आणखी थोडे थांबू द्यावे. नृत्यनाट्यात कथेला पुढे जायचे असते. पदमला कुठेच जायचे नसते. तिथे गायिका एकच ओळ घोळवीत राहते आणि नर्तकी त्या ओळीत नवी नवी दारे शोधते. ही चैन समूहाला परवडत नाही. कलाक्षेत्राने नृत्याला रेषा दिली, पण रेंगाळण्याची मुभा काढून घेतली.

मग दोष कोणाचा? येथे माझ्या पक्षपाताची अडचण होते. मैलापूरच्या कपालीश्वराच्या देवळात नाचणाऱ्या गौरी अम्माळ यांच्याकडे बालसरस्वती शिकल्या आणि रुक्मिणीदेवीही शिकल्या. पुढे गौरी अम्माळनी कलाक्षेत्रातही अभिनय शिकवला. एकाच विहिरीचे पाणी दोन घरी गेले. १९४७ साली मद्रास प्रांताने देवदासी सोडण्याची प्रथा कायद्याने बंद केली, आणि ते योग्यच झाले. मात्र कलेला जी प्रतिष्ठा मिळाली ती तिला सांभाळणाऱ्या घराण्यांतील बायकांच्या वाट्याला फारशी आली नाही. मध्यमवर्गाच्या मुलींनी नाच शिकावा म्हणून ज्यांनी दार उघडले, त्यांच्यामागे ते दार कोणावर तरी लागलेही.

या हिशेबातून आपणही सुटत नाही. भरतनाट्याच्या कचेरीचा क्रम बांधणारे चार तंजावूर बंधू भोसल्यांच्या दरबारातले. सरफोजी राजांनी तर नृत्यासाठी मराठीत निरूपणे रचली. ती आज आपल्या किती नृत्यवर्गांत शिकवली जातात? कलाक्षेत्राला सोवळे म्हणण्यापूर्वी मराठी रसिकाने आपले घर तपासावे.

रुक्मिणीदेवी १९८६ साली गेल्या; १९९३ मध्ये संसदेने कायदा करून संस्थेला राष्ट्रीय महत्त्व दिले. त्या मानाने शिस्त टिकेल, याची मला चिंता नाही. गौरी अम्माळची ओळ घोळवण्याची सवय त्या शिस्तीत जगेल का, ही आहे. माझा आकस गेला, मतभेद राहिला. कोपर नीट करणारे गुरू तिथे आहेत, आणि ते थोडे नव्हे. कोपर नीट झाल्यावर मुलीला एकटे सोडणारा गुरू मला तिथे पाहायचा आहे.