थंडरबर्ड, आउटलुक आणि स्वयंपाकघरातलं कालनिर्णय

सेट-नेटची तयारी करणाऱ्या एका ज्युनिअरने परवा विचारलं, "ताई, जीमेल ब्राउझरमध्ये उघडतंच ना? मग लॅपटॉपवर वेगळं सॉफ्टवेअर कशाला टाकायचं?" प्रश्न रास्त आहे. मी थंडरबर्ड पाच वर्षं वापरतेय. त्यातली पहिली काही वर्षं मी ते चुकीच्या समजुतीने वापरलं आणि ती समजूत मला महागात पडली. म्हणून आज या सॉफ्टवेअरबद्दल जरा सविस्तर, आणि कौतुक कमी, तक्रारी जास्त.

आधी माझी फजिती सांगते. 2023 मध्ये आमच्या एका पेपरवर समीक्षकाने एका संयुगाच्या एनएमआरचा मूळ डेटा मागितला. म्हणजे छापलेला आलेख नको, यंत्रातून निघालेली कच्ची फाइल हवी. ती फाइल मला एमएस्सीच्या शेवटच्या वर्षी उपकरण केंद्राकडून ईमेलने आली होती, आधीच्या संस्थेच्या पत्त्यावर. मी निर्धास्त होते, कारण तो पत्ता थंडरबर्डला जोडलेला होता आणि "सगळे मेल तर माझ्या लॅपटॉपवर आहेत" असं मी छातीठोकपणे सरांना सांगितलंसुद्धा. घरी, बोरगावला, लॅपटॉप उघडला तर इनबॉक्स रिकामा.

झालं होतं असं. गूगलने शैक्षणिक संस्थांना दिलेली अमर्याद साठवण बंद केली होती. 2021 मध्ये घोषणा झाली आणि जुलै 2022 पासून अख्ख्या संस्थेला मिळून मूळ 100 टीबीची मर्यादा लागू झाली. ऐकायला 100 टीबी खूप वाटतं, पण हजारो विद्यार्थ्यांचे व्हिडिओ आणि ड्राइव्ह धरले की ते पुरत नाही. मग साफसफाई सुरू झाली. माझ्या आधीच्या संस्थेने जुन्या विद्यार्थ्यांचे डबे रिकामे केले. सूचना आली असणार, मीच तो पत्ता उघडून बघत नव्हते. आणि थंडरबर्डने अगदी इमानेइतबारे सर्व्हरवर जे झालं तेच माझ्या लॅपटॉपवर केलं.

इथे जरा थांबा, कारण हा मुद्दा बहुतेकांना ठाऊक नसतो. ईमेल सर्व्हरवरून आणण्याच्या दोन पद्धती आहेत, पॉप आणि आयमॅप. पॉप ही जुनी पद्धत: पोस्टातून पत्र घरी आणावं तसं मेल उतरवून घ्यायचा, मग तो तुमचा. सर्व्हरवरची प्रत ठेवायची की काढायची ते तुम्ही ठरवायचं. आयमॅपमध्ये मूळ मेल सर्व्हरवरच राहतो आणि तुमच्या लॅपटॉपवर असतं ते त्याचं प्रतिबिंब. फोन, लॅपटॉप, लॅबचा पीसी, तिन्हीकडे सारखंच दिसतं ते यामुळेच. पण आरशासमोरची वस्तू हलवली की आरशातलं प्रतिबिंबही जातं. आज थंडरबर्डमध्ये खातं जोडताना आयमॅप आपोआप निवडलं जातं, आणि "हा बॅकअप नाही" असं तिथे कुठेही ठळक लिहिलेलं नसतं. ही माझी या सॉफ्टवेअरवरची पहिली आणि सगळ्यात मोठी तक्रार. संगणकावर बसलेलं सॉफ्टवेअर आहे म्हटल्यावर माणूस साहजिकच समजतो की त्यातला माल आपल्या घरात आहे.

फाइल शेवटी मिळाली. कुठे? त्या काळच्या एका सीनिअरच्या लॅबमधल्या जुन्या डेस्कटॉपवर. त्याला तो मेल सीसीमध्ये होता आणि त्याच्या आउटलुकमध्ये पॉप लावलेलं होतं. आम्ही सगळे त्याला "अजून पॉप वापरतोस?" म्हणून हसायचो. आता तो हसला. हसण्याचा हक्क त्याचाच होता.

तरीही गंमत बघा, ती फाइल काढायला आम्हाला पुन्हा आउटलुकच लागलं. आउटलुक सगळे मेल, भेटी, संपर्क एका पीएसटी नावाच्या फाइलमध्ये कोंबतं, आणि ती साध्या संपादकात उघडून वाचता येत नाही. आउटलुक 2003 च्या आधी तर या फाइलला 2 जीबीची मर्यादा होती. तिच्या जवळ गेली की ती बिघडायची आणि लोक रडायचे. थंडरबर्ड याउलट प्रत्येक फोल्डरची एक एमबॉक्स फाइल करतं, आणि ती चक्क साधा मजकूर असते. नोटपॅडमध्ये उघडा, मेल वाचता येतील. उद्या थंडरबर्ड बंद पडलं तरी त्या फाइली दुसरं कुठलंही साधन वाचू शकेल. संशोधनात आपण डेटा साध्या सीएसव्हीमध्ये ठेवा म्हणून ओरडतो, तेच तत्त्व. या एका कारणासाठी मी थंडरबर्ड सोडलेलं नाही.

म्हणून करायचं काय, तर थंडरबर्डच्या डाव्या पट्टीत खाली "लोकल फोल्डर्स" असतं. त्यातला माल कुठल्याच सर्व्हरशी जोडलेला नसतो. उपकरण केंद्राचे मेल, संपादकांची पत्रं, फेलोशिपची मंजुरी, मार्गदर्शकांचा "हो, हे पाठव" असा एका ओळीचा मेलसुद्धा, दर महिन्याला निवडून त्यात कॉपी करा. मूव्ह नाही, कॉपी. आणि थंडरबर्डचं प्रोफाइल फोल्डर बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवा. जोडलेली फाइल मेलमध्ये मजकूर बनून जाते, तीन बाइट्सची चार अक्षरं होतात, त्यामुळे साठवण अंदाजापेक्षा तिसऱ्या हिश्शाने जास्त लागेल. शिवाय एमबॉक्समध्ये डिलीट केलेला मेल लगेच जात नाही, त्यावर फक्त खूण होते. "कॉम्पॅक्ट" केल्यावर जागा मोकळी होते.

हे लिहिताना आमच्या शेजारचं सेवाग्राम आठवल्याशिवाय राहत नाही. गांधीजी 1936 मध्ये तिथे राहायला आले तेव्हा गावाचं नाव शेगाव होतं. त्यांची टपाल एवढी मोठी, आणि बुलढाण्याच्या शेगावशी एवढा गोंधळ, की 1940 मध्ये गावाचं नावच बदलून सेवाग्राम केलं. पत्त्यासाठी गाव बदललं! आणि त्यांच्या संकलित साहित्याचे 100 खंड आज आहेत, ते पत्रं मिळालेल्या कितीतरी लोकांनी ती जपून ठेवली होती म्हणूनही. माझ्या सीनिअरची पीएसटी त्याच जातीची, फक्त फार छोटी.

आता दिनदर्शिका. थंडरबर्डमध्ये ती आधी वेगळी जोडणी होती, 2020 च्या 78 व्या आवृत्तीपासून आतच आली. संशोधकाच्या कामाला ती खरोखर उपयोगी आहे. यूजीसीच्या 2022 च्या नियमांप्रमाणे दर सत्रात संशोधन सल्लागार समितीसमोर प्रगती मांडावी लागते. ही तारीख, तिच्या तीन आठवडे आधीची "अहवाल लिहायला घे" ही आठवण आणि फेलोशिपची कागदपत्रं हे सगळं मी एका रंगात ठेवते. मेलवर उजवं क्लिक करून त्यातूनच थेट कार्यक्रम बनवता येतो, हे ब्राउझरपेक्षा मला सोयीचं वाटतं.

पण वेळक्षेत्राची निवड मेनूत लपवून ठेवली आहे आणि ते अक्षम्य आहे. आमची जर्मनीतल्या एका गटाबरोबर दर आठवड्याला बैठक असते, त्यांच्या दुपारी 3 वाजता. हिवाळ्यात ते आपले साडेसात. मी भारतीय वेळेने साडेसातचा साप्ताहिक कार्यक्रम टाकला. मार्चच्या शेवटच्या रविवारी त्यांची घड्याळं एक तास पुढे गेली, बैठक आपल्या साडेसहाला सरकली, आणि मी साडेसातला हजर झाले तेव्हा सगळे निघून गेलेले. कार्यक्रम बर्लिनच्या वेळेने नोंदवला असता तर सॉफ्टवेअरने तो आपोआप सरकवला असता. चूक माझीच, पण खिडकीत वेळेशेजारीच "भारत" असं लिहिलेलं दिसलं असतं तर ती झाली नसती.

आणि घर? इथे मी हात टेकले. मोठ्या हौसेने मी "घर" नावाची हिरवी दिनदर्शिका केली. आईची रक्तदाबाची तपासणी, वीजबिल, सिलिंडर, आजोबांची पित्रं. आईने एकदा डोकावून विचारलं, "तुह्या त्या कॅम्प्युटरात सर्वपित्री काऊन दिसत नाही वं?" दिसणार कशी? सर्वपित्री अमावास्या 2022 ला 25 सप्टेंबरला होती, 2023 ला अधिक श्रावणामुळे 14 ऑक्टोबरला, 2024 ला 2 ऑक्टोबरला, 2025 ला 21 सप्टेंबरला. थंडरबर्डला "दरवर्षी" म्हणजे इंग्रजी तारीख एवढंच कळतं. आउटलुकमध्येही भाद्रपद अमावास्या असा पर्याय मला सापडला नाही. जयंतराव साळगावकरांनी 1973 मध्ये सुरू केलेलं कालनिर्णय हे काम आमच्या स्वयंपाकघरात विनातक्रार करतं, वर सिलिंडरची तारीख, दुधाचे खाडे आणि भाजीवाल्याची उधारी लिहायला रिकामी जागाही देतं. शिवाय ते घरातल्या सगळ्यांना दिसतं. माझा लॅपटॉप फक्त मला दिसतो, आणि फोनवर 2024 मध्ये आलेल्या थंडरबर्डमध्ये दिनदर्शिका दिली नव्हती. आता हिरव्या दिनदर्शिकेत मी फक्त तेवढंच ठेवते ज्यामुळे लॅबमधून सुट्टी घ्यावी लागते.

आउटलुक घ्यावं का, हेही विचारलं जातं. विंडोजमधलं जुनं मेल आणि कॅलेंडर 31 डिसेंबर 2024 ला बंद झालं आणि त्या जागी नवं आउटलुक आलं. दिसायला देखणं आहे, मेल आणि भेटी एका नजरेत येतात, त्यात ते थंडरबर्डपेक्षा सरस. पण त्याला जीमेल जोडायला गेलात की ते तुमचे मेल मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडमध्ये सिंक करण्याची परवानगी मागतं. म्हणजे गूगलकडे एक प्रत, मायक्रोसॉफ्टकडे दुसरी, आणि तुमच्या हातात पुन्हा आरसाच. अप्रकाशित डेटा असेल तर "पुढे" दाबण्याआधी मार्गदर्शकांना विचारा.

तर त्या ज्युनिअरला मी सांगितलं ते असं: थंडरबर्ड टाक, पण पहिल्याच दिवशी लोकल फोल्डर्समध्ये "एनएमआर" नावाचा कप्पा कर. तिने विचारलं, "माझं तर बॉटनी आहे ताई." मग "हर्बेरियम" कर म्हटलं.