हाकुइनची रेषा आणि असंखारिक चित्त

झेन चित्रकलेविषयी एक विधान वारंवार केले जाते. झेन चित्रकार विचार करीत नाही, भावना उचंबळून येते आणि कुंचला आपोआप चालू लागतो, असे ते विधान होय. विसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेत उत्स्फूर्त अमूर्त चित्रकलेला मान्यता मिळाली आणि त्याच सुमारास दैसेत्झ सुझुकी यांचे ग्रंथ तेथे वाचले जाऊ लागले. तेव्हापासून या विधानाला जणू सिद्धान्ताची प्रतिष्ठा लाभली. आमच्या मते हे विधान अपुरे आहे. ज्या चित्रकाराचा दाखला त्यासाठी नेहमी दिला जातो, त्या हाकुइन एकाकू (१६८६-१७६९) या जपानी भिक्षूच्या चित्रांच्या आधारेच ते तपासून पाहावे, असे आम्ही योजिले आहे.

हाकुइनचा जन्म फुजी पर्वताच्या पायथ्याजवळील हारा या गावी झाला आणि तेथील शोइन-जी या लहानशा विहाराचा तो पुढे प्रमुख झाला. बालपणी त्याने एका प्रवचनात नरकाचे वर्णन ऐकले. त्याची धास्ती त्याने इतकी घेतली की स्नानाच्या पाण्याखाली पेटलेला जाळ पाहूनही तो रडू लागे, असे त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे. तरुणपणी त्याने एका थोर भिक्षूचे हस्ताक्षर पाहिले. अक्षरात कौशल्य फारसे नव्हते, तरी लोक ते ठेव्यासारखे जपत होते. तेव्हा मोल कौशल्याचे नसून माणसाच्या शीलाचे आहे हे त्याला उमगले, आणि आपली गिरवण्याची पुस्तके त्याने जाळून टाकली. चित्रकार म्हणून तो बहरला तो मात्र उत्तरायुष्यात. त्याची आरंभीची चित्रे बारीक रेषेची व जपून काढलेली आहेत. साठी-सत्तरीनंतरच्या चित्रांत रेषा जाड, धसमुसळी आणि निर्भय होत गेली. आज त्याची हजारावर चित्रे उपलब्ध आहेत. त्यांतील अनेक चित्रे शेतकऱ्यांसाठी व गावकऱ्यांसाठी काढलेली आहेत, ही गोष्ट आमच्या वाचकांनी ध्यानात ठेवावी. सरंजामदारांच्या उधळपट्टीवर व शेतकऱ्यांच्या हालअपेष्टांवर एका सरदारालाच परखड पत्र लिहिणारा हा भिक्षू होता.

क्यूशू बेटावरील मांजु-जी विहारात त्याचे बोधिधर्माचे विख्यात चित्र आहे. ऐंशीच्या घरात काढलेले हे चित्र पुरुषभर उंचीचे आहे. पार्श्वभूमी काळीभोर, चीवर लाल, आणि त्यांतून वर रोखलेले दोन प्रचंड डोळे. चीवराची वळणे मोजक्या रुंद फटकाऱ्यांनी साधली आहेत. पाहणारा प्रथम दचकतो, मग खिळून राहतो. भावनेचा एवढा जोर सावकाश घोटलेल्या रेषेतून आला नसता, हे मान्य करावेच लागेल.

परंतु हाकुइनच्या अनेक चित्रांत शाईच्या रेषेखाली कोळशाचे किंवा फिक्या शाईचे कच्चे रेखाटन स्पष्ट दिसते. त्याने ते पुसले नाही व लपविलेही नाही. मौज अशी की प्रत्यक्ष कुंचला चालविताना त्याने ते पुष्कळदा पाळलेलेही नाही. म्हणजे विचार होता, आराखडा होता. कुंचला उचलल्यावर मात्र त्याला बांधून घेण्याची गरज उरली नव्हती. 'विचाराविना चित्र' या विधानाला या कच्च्या रेषाच उत्तर देतात. संयुत्तनिकायाच्या खन्धवग्गातील गद्दुलबद्ध सुत्तात भगवान सांगतात की चित्रपट हा चित्तानेच कल्पिलेला असतो, आणि चित्त हे त्या चित्रपटाहूनही विचित्र, अर्थात विविध असते. चित्ताविना चित्र ही कल्पना बुद्धवचनात बसत नाही.

मग उत्स्फूर्ततेचे काय? तिच्यासाठी अभिधम्मात नेमकी संज्ञा आहे. बाह्य प्रेरणेवाचून किंवा स्वतःला पुढे ढकलल्यावाचून जे चित्त आपसूक उठते ते 'असंखारिक'. प्रेरणेने उठते ते 'ससंखारिक'. येथे एक बारकावा महत्त्वाचा आहे. कामावचर कुशल चित्ते आठ, त्यांतील चार असंखारिक. पण लोभमूलक आठ चित्तांतही चार असंखारिक आहेत, आणि द्वेषमूलक दोहोंतील एक. म्हणजे उत्स्फूर्तता हा स्वतःच गुण नव्हे. आचार्य बुद्धघोष विसुद्धिमग्गात उदाहरण देतात ते असे: घरच्या मोठ्यांचे आचरण पाहून सरावलेली लहान मुले भिक्षू दिसताच आनंदाने हाती असेल ते देऊन टाकतात किंवा वंदन करतात. हे चित्त कुशल आहे, असंखारिकही आहे. परंतु ते 'ञाणविप्पयुत्त' म्हणजे ज्ञानाविरहित आहे. उत्स्फूर्ततेच्या मागे परिचय असतो हे यातून दिसते, आणि त्या परिचयाला ज्ञानाची जोड असेलच असे नाही, हेही दिसते. म्हणून चित्राविषयी विचारावयाचा प्रश्न 'हे उत्स्फूर्त आहे काय?' एवढाच नसून 'हे ञाणसम्पयुत्त आहे काय?' असा असला पाहिजे.

या कसोटीवर हाकुइनची उत्तम चित्रे उतरतात असे आमचे मत आहे. आंधळ्यांचे पूल ओलांडणे हा विषय त्याने अनेकदा रंगविला. खोल दरीवर एक अरुंद ओंडका, त्यावरून हातापायांनी चाचपडत जाणारी इवलीशी माणसे. रेषा क्षणार्धाच्या, पण त्यांतून दिसते ती पावलापावलाची सावधगिरी. काही चित्रांत ओंडका पलीकडच्या कड्याला टेकतही नाही. बालपणीची ती धास्ती येथे आहे. मात्र ती आता आरडाओरडा करीत नाही. ती सर्वांचे भय पाहते आणि किंचित हसतेही. भयाचे असे रूपांतर झाले की पाली परंपरा त्याला 'संवेग' म्हणते: हादरवून जागे करणारी आणि प्रयत्नाला लावणारी भावना.

सर्वच चित्रे या उंचीची आहेत असे नाही. मागणी येईल तसा त्याने तोच बोधिधर्म पुनःपुन्हा काढला, आणि त्यांतील काहींत फटकारा केवळ सवयीचा वाटतो. तेथे चित्त असंखारिक राहिले, ज्ञान मात्र मागे पडले, असे म्हणावे लागते.

आपल्याकडेही तरुण चित्रकार 'भावना खरी असली की पुरे, अभ्यास हवा कशाला' असे म्हणताना आढळतात. अन्यायाची चीड खरी आहे, आणि तिला कॅनव्हासवर जागा मिळालीच पाहिजे. तिच्यापुढे नाक मुरडणाऱ्या समीक्षेशी आमचे नाते नाही. परंतु द्वेषमूलक चित्तही आपसूकच उठते, हा अभिधम्माचा इशारा विसरून चालणार नाही. बाबासाहेबांनी शील व करुणेबरोबर प्रज्ञेला जे स्थान दिले, ते कलेच्या प्रांतातही अबाधित आहे. चीड संवेगात परिणत होण्यास काळ लागतो आणि हात घडावा लागतो. हाकुइनला त्यासाठी जवळजवळ सारे आयुष्य द्यावे लागले. आणि ते कच्चे रेखाटन त्याने अखेरपर्यंत सोडले नाही.