गौण विषय आणि धर्माचें अध्ययन

गेल्या जून महिन्यांत एका संध्याकाळीं आमच्या एका स्नेह्यांची कन्या एक छापील फॉर्म हातांत घेऊन आमच्याकडे आली. मुलगी पदवीच्या वर्गांत अर्थशास्त्र घेऊन बसली आहे. बुद्धि चांगली, आणि वाचनाची आवड त्याहूनहि चांगली. मुख्य विषयाचा प्रश्न केव्हांच सुटला होता. अडलें होतें तें दुसऱ्या एका रकान्यापाशीं. त्या रकान्यावर 'मायनर' असा शब्द होता आणि त्याखालीं दहाबारा विषयांची यादी. यादींत संख्याशास्त्र होतें, मानसशास्त्र होतें, आणि अगदीं तळाशीं 'तत्त्वज्ञान व धर्मांचें अध्ययन' असेंहि एक नांव होतें. मुलीचें बोट तेथपर्यंत जाई, थोडें थांबे आणि पुनः वर येई.

"काका, मला हा घ्यावासा वाटतो, पण घरीं दोघांचीहि ना आहे," ती म्हणाली.

वडील बँकेंत अधिकारी आहेत. त्यांचें म्हणणें असें कीं, ज्यांत गुण सहज पडतील आणि नोकरीच्या अर्जांत जें शोभेल तें घ्यावें. धर्म काय, पेन्शन घेतल्यावर वाचतां येतो. आईची हरकत निराळी. ती माळकरी घराण्यांतली. तिला भीति अशी कीं, देवाचा कॉलेजांत अभ्यास सुरू झाला म्हणजे तो देवघरांत रहात नाहीं. वडिलांची हरकत हिशेबाची आणि आईची काळजाची. पहिलीला उत्तर देणें सोपें आहे, दुसरीला नाहीं; आणि सध्यां अनेक सुशिक्षित घरांत ह्याच दोन हरकती ऐकूं येत असल्यामुळें त्यांचा विचार येथें थोडा विस्तारानें करावा असें वाटलें.

प्रथम 'मायनर' ह्या शब्दाकडे पाहूं. कोणी त्यास गौण म्हणतात, कोणी दुय्यम, कोणी नुसतेंच मायनर. पुण्याकडे 'स्पेशल' आणि 'जनरल' हा भेद जुन्या विद्यार्थ्यांच्या परिचयाचा आहेच. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षणधोरणानंतर त्याच जातीच्या व्यवस्थेला नवें नांव मिळालें आणि ती देशभर पसरली. विद्यापीठ अनुदान आयोगानें डिसेंबर २०२२ मध्यें जो आराखडा प्रसिद्ध केला, त्यांत तीन वर्षांच्या पदवीस १२० श्रेयांक आहेत आणि त्यांपैकीं २४ ह्या गौण विषयाचे. विद्यापीठागणिक हा आंकडा थोडा कमीजास्त होतो. व्याख्यानाच्या एका श्रेयांकास सत्रांत पंधरा तास धरले, तर चोविसांचे तीनशेंसाठ तास होतात. पदवीचा पांचवा हिस्सा! एखादी नवी भाषा वाचण्याइतपत शिकण्यास एवढे तास पुरतात. आपल्या मुलांच्या आयुष्यांतील हे तीनशेंसाठ तास आपण 'त्यांत मार्क सुटतात म्हणे' एवढ्या ऐकीव पुराव्यावर कोणाच्याहि हवालीं करतों, ह्याचें आश्चर्य वाटतें. गौण ह्या शब्दाच्या पोटांत 'गुण' आहे, हें संस्कृत जाणणारांस सांगावयास नको. पण तो गुण गुणपत्रिकेंतला नव्हे.

मुख्य आणि गौण ही वर्गवारी विद्यापीठाच्या सोईची आहे. विचाराचा ओघ ती पाळीलच असें नाहीं. ह्याचें एक उदाहरण आपल्या इतक्या जवळचें आहे कीं, दुसरें शोधण्याचें कारण नाहीं. १९१३ सालीं भीमराव आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत दाखल झाले ते अर्थशास्त्राचे विद्यार्थी म्हणून. १९१५ सालीं त्यांनीं एम्. ए. मिळविली ती प्राचीन भारतांतील व्यापारावर प्रबंध लिहून. परंतु इतिहास, तत्त्वज्ञान, समाजशास्त्र, मानववंशशास्त्र ह्या विषयांचेहि वर्ग ते करीत होते. आणि ९ मे १९१६ रोजीं त्यांनीं भारतांतील जातींच्या उगमावर जो निबंध वाचला तो अर्थशास्त्राच्या वर्गांत नव्हे, तर गोल्डनवायझर ह्यांच्या मानववंशशास्त्राच्या अभ्यासमंडळांत. पुढील वर्षीं तो 'इंडियन अँटिक्वेरी'त छापून आला. एका जातीच्या आंतच विवाह करण्याची सक्ति हें जातिसंस्थेचें मर्म, आणि ती सक्ति टिकविण्यासाठीं सतीची चाल, सक्तीचें वैधव्य आणि बालविवाह ह्यांचा आधार घ्यावा लागला, हा त्यांतील सिद्धान्त आजहि कोणा अभ्यासकास टाळून पुढें जातां येत नाहीं. विवाहसंस्थेच्या ह्या उलगड्यांत, 'शिल्लक' उरलेल्या स्त्रीचें आणि पुरुषाचें काय करावयाचें असा प्रश्न ते जवळजवळ हिशेबनिसाच्या काटेकोरपणानें मांडतात. तेथें अर्थशास्त्राची शिस्त कामीं आली असावी असें आम्हांस वाटतें. मुख्य विषयानें हत्यार दिलें आणि दुसऱ्या विषयानें तें कोठें चालवावयाचें तें दाखविलें. आमच्या बँकवाल्या स्नेह्यांस एवढें उत्तर पुरे व्हावें. अर्थशास्त्राच्या मुलीनें संख्याशास्त्र घेतलें तर त्याच हत्याराला धार येईल, आणि तेंहि वाईट नाहीं. परंतु धार लावून ठेवलेल्या सुऱ्या आपल्याकडे पुष्कळ आहेत.

आतां धर्माच्या अध्ययनाकडे वळूं. येथें पहिला घोंटाळा शिकवण आणि अभ्यास ह्यांचा आहे. संविधानाचें २८ वें कलम सरकारी पैशावर सर्वस्वीं चालणाऱ्या शिक्षणसंस्थांत धर्मशिक्षण देण्यास मनाई करतें. ह्या कलमाचा धसका घेऊन आपल्या बहुतेक विद्यापीठांनीं धर्म हा विषयच दाराबाहेर ठेवला. वस्तुतः धर्माची दीक्षा देणें वेगळें आणि धर्माविषयीं ज्ञान देणें वेगळें, हा भेद कोठारी आयोगानें १९६४-६६ मध्यें स्पष्ट केला होता, आणि २००२ सालीं अरुणा रॉय खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानेंहि धर्मांच्या अभ्यासास ही मनाई लागू होत नाहीं असाच निर्वाळा दिला. तरीहि पतियाळाच्या पंजाबी विद्यापीठानें १९६७ सालीं काढला तसा स्वतंत्र धर्माध्ययन विभाग असणारीं विद्यापीठें आपल्या देशांत थोडींच. बाकी ठिकाणीं हा विषय तत्त्वज्ञान, संस्कृत, पाली आणि इतिहास ह्यांच्या घरीं आश्रितासारखा राहिला आहे.

तो शिकवावा कसा, ह्याविषयींचा पहिला मोठा विचार १९४८-४९ च्या विद्यापीठ आयोगाचा, म्हणजे डॉ. राधाकृष्णन् ह्यांचा. त्यांची योजना मोठी डौलदार होती. पहिल्या वर्षीं बुद्ध, कन्फ्यूशियस, झरतुष्ट्र, सॉक्रेटीस, येशू, शंकराचार्य, महंमद, कबीर, नानक, गांधी इत्यादि थोर पुरुषांचीं चरित्रें. दुसऱ्या वर्षीं जगांतील धर्मग्रंथांतून निवडलेले सर्वांस पटतील असे वेंचे. तिसऱ्या वर्षीं धर्माच्या तत्त्वज्ञानांतील मुख्य प्रश्न. फाळणीचें रक्त वाळलें नव्हतें अशा दिवसांत ही योजना आंखली गेली, ही गोष्ट लक्षांत घेतली म्हणजे तिच्यामागील तळमळ समजते. परंतु अभ्यासक्रम म्हणून तिच्यांत एक मोठें व्यंग आहे. धर्म म्हणजे थोर पुरुष, पवित्र वचनें आणि गहन तत्त्वें एवढेंच तिनें धरलें. त्या यादींत मुक्ताबाई नाहीं, जनाबाई नाहीं. नवस, उपवास, यात्रा, अंगांत येणें, देवस्थानाच्या जमिनी, पुजाऱ्यांचे हक्क, गुरव आणि वाघ्यामुरळी ह्यांना तिच्यांत कोठेंच जागा नाहीं. आणि सर्वांस पटतील असेच वेंचे काढावयाचे म्हटल्यावर, ज्या वचनांवरून माणसें भांडलीं, ज्या वचनांनीं कोणाला देवळाबाहेर उभें केलें, तीं वचनें आपोआपच गळतात. मग अभ्यास कशाचा करावयाचा? अशा वर्गांतून विद्यार्थी सद्भावना घेऊन बाहेर पडेल. प्रश्न घेऊन पडणार नाहीं. सध्यां 'भारतीय ज्ञानप्रणाली'च्या नांवाखालीं ज्या अभ्यासपत्रिका लिहिल्या जातात, त्यांपैकीं ज्या केवळ पूर्वजांच्या गौरवाच्या आहेत त्यांचाहि दोष हाच. फक्त तेथें सद्भावनेच्या जागीं अभिमान आलेला असतो.

खरें पाहतां ह्या विषयाचा उत्तम पाठ आपल्या मराठी अभ्यासकांनींच घालून दिला आहे, आणि त्यासाठीं पंढरपूरच्या पलीकडे जाण्याची गरज नाहीं. विठ्ठल कोण, ह्या एका प्रश्नाला किती वाटा फुटतात पहा. रा. चिं. ढेरे ह्यांनीं १९८४ सालच्या 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' ह्या ग्रंथांत पुराणें, शिलालेख, मूर्ति आणि लोककथा एकत्र आणून ह्या देवाचें मूळ गवळी-धनगरांच्या गोपजनांत शोधलें. इरावती कर्वे मानववंशशास्त्राच्या विदुषी. त्या वारींत स्वतः चालल्या, आणि त्या वाटेवरील आनंदाबरोबरच ब्राह्मणांच्या व मराठ्यांच्या दिंड्या वेगळ्या जेवतात हें मनाला लागलेलें शल्यहि त्यांनीं 'वाटचाल' ह्या लेखांत लपविलें नाहीं. दामोदर धर्मानंद कोसंबी गणिती. परंतु त्यांनीं पुण्याभोंवतालच्या डोंगरवाटांवरचीं देवीचीं ठाणीं पायीं हिंडून पाहिलीं आणि हीं ठाणीं जुन्या वाटांच्या तिठ्यांवर कां आढळतात ह्याचा विचार १९६२ च्या आपल्या ग्रंथांत मांडला. चोखोबांची समाधि महाद्वाराबाहेर आहे; त्या दारांतून अस्पृश्यांस आंत जातां यावें म्हणून साने गुरुजींस मे १९४७ मध्यें उपोषण करावें लागलें. बडवे-उत्पातांचे वंशपरंपरागत हक्क रद्द करण्यासाठीं १९७३ सालीं कायदा झाला, आणि त्याचा वाद सर्वोच्च न्यायालयांत मिटण्यास २०१४ साल उजाडलें. अर्थशास्त्राच्या विद्यार्थिनीनें ह्यांतील शेवटचीच वाट धरली, देवाच्या उत्पन्नावर कोणाचा हक्क आणि तो कसा ठरला एवढेंच शोधावयाचें म्हटलें, तरी तिचे तीनशेंसाठ तास अपुरे पडतील.

आतां त्या माउलीची हरकत. अभ्यासानें श्रद्धा जाते काय? 'नाहीं जात, उलट दृढ होते' असें गुळगुळीत उत्तर देण्याचा मोह होतो. पण तें खरें नव्हे. विठ्ठल रामजी शिंदे १९०१ सालीं ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजांत तौलनिक धर्माच्या अभ्यासासाठीं गेले. ते १९०३ सालीं परत आले ते आस्तिकच, परंतु १९०६ सालीं अस्पृश्यांसाठीं मिशन काढून त्यांनीं आपल्या धर्मबुद्धीला जें काम लावलें तें अनेक श्रद्धावंतांस रुचलें नाहीं. गोव्यांतल्या सांखवाळचे धर्मानंद कोसंबी बुद्धाच्या शोधांत घरदार सोडून सिंहलद्वीपापर्यंत गेले, पाली शिकले, पुढें हार्वर्डला जाऊन 'विसुद्धिमग्गा'च्या संपादनास बसले आणि फर्ग्युसन कॉलेजांत त्यांनीं पाली शिकविली. घरची परंपरा त्यांच्यापाशीं जशीच्या तशी उरली नाहीं. इरावतीबाईंचें काय झालें तें त्यांचा लेख वाचून ज्यानें त्यानें ठरवावें. श्रद्धा राहील कीं जाईल ह्याची हमी कोणताहि प्रामाणिक शिक्षक देणार नाहीं. तिचें रूप मात्र बदलेल, आणि कधीं कधीं त्या बदलाचा त्रास घरांतल्या सर्वांनाच होईल. हा धोका आहे. तो सांगूनच मुलीस पुढें जाऊं द्यावें.

पण न शिकण्याचा धोकाहि लहान नाहीं, हें आपण पुण्यांतच पाहिलें आहे. ५ जानेवारी २००४ रोजीं एका जमावानें भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरांत शिरून पुस्तकांची, कागदपत्रांची आणि जुन्या वस्तूंची नासधूस केली. निमित्त झालें एका परदेशी अभ्यासकाच्या शिवाजीमहाराजांवरील पुस्तकाचें. आणि हा अभ्यासक धर्माध्ययनाचाच प्राध्यापक. तें पुस्तक निर्दोष होतें असें आमचें म्हणणें नाहीं. ज्या ऐकीव मजकुरावरून संताप उसळला तो पुराव्याच्या कसोटीस उतरणारा नव्हता, आणि असा मजकूर छापणें हा त्या शास्त्राच्याच शिस्तीचा भंग होता. परंतु हें चार ओळींत सप्रमाण दाखवून देणारीं माणसें थोडीं आणि कपाटें फोडणारीं पुष्कळ, अशी जी आपली स्थिति दिसली ती विद्यापीठांच्या रिकाम्या रकान्याचें फळ नव्हे काय? जेथें हा प्रकार झाला त्याच संस्थेनें म. म. काणे ह्यांचा धर्मशास्त्राचा इतिहास १९३० ते १९६२ ह्या काळांत पांच खंडांत प्रसिद्ध केला होता. आणि काणे ह्यांचा धंदा, वाचकांस आठवत असेल, वकिलीचा होता.

राहतां राहिला निवडीचा व्यवहार. विषयाच्या नांवावर जाऊं नये. अभ्यासपत्रिका मागवून घ्यावी आणि वर्गांत प्रत्यक्ष काय वाचावयास लावतात तें पाहावें. मूळ ग्रंथ वाचावयाचे आहेत कीं त्यांवरच्या नोट्स? आपल्या धर्माखेरीज दुसरा एखादा धर्म त्याच्या अनुयायांस ओळखूं येईल अशा रूपांत तेथें भेटतो काय? एखादी भाषा जोडून घेतां येते काय? पाली, अर्धमागधी, फारसी, निदान मोडी लिपि. ३ ऑक्टोबर २०२४ रोजीं केंद्रसरकारनें मराठीबरोबर पाली आणि प्राकृत ह्यांनाहि अभिजात दर्जा दिला, तेव्हां पेढे पुष्कळ वांटले गेले. पालीच्या वर्गांत बाकें मात्र अजून रिकामींच दिसतात. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे शिकविणारे कोण, ह्याची चौकशी करावी. कारण ह्या याद्या ज्ञानाच्या गरजेवरून ठरत नाहींत. ज्या प्राध्यापकांचे तास कमी भरतात त्यांच्या वेळापत्रकावरून ठरतात, ही गोष्ट कॉलेजांच्या आंतली असली तरी गुप्त राहिलेली नाहीं.

मुलीनें दुसऱ्या दिवशीं कॉलेजांत जाऊन ती अभ्यासपत्रिका आणली. पहिल्या सत्रांत नुसतीं चरित्रें होतीं. तिसऱ्यांत मात्र धम्मपद मुळांतून लावलें होतें आणि पांचव्यांत जवळच्या एखाद्या देवस्थानाचा प्रत्यक्ष पाहणी करून वृत्तांत लिहावयाचा होता. तिनें तो रकाना आमच्या समोरच भरला. वडिलांनीं सही करतांना एवढेंच विचारलें कीं, ह्या पाहणीचे दिवस बुडाले तर हजेरी धरतात काय. आई कांहींच बोलली नाहीं. जातांना दाराशीं ती हळूच मुलीला म्हणाली, "देवस्थान निवडशील तेव्हां पंढरपूर घे. मी बरोबर येईन."