हाताला काम देणारी गोष्ट

व्हिडिओ गेमवर मराठीत जे लिहिलं जातं ते बहुतेक दोन सुरांत. पोरं बिघडली हा एक सूर, आणि या धंद्यात किती कोटींची उलाढाल होते हा दुसरा. अमुक गेम चांगला का, त्याची गोष्ट पटते का, तो कुठे रटाळ होतो, यावर फारसं कोणी बोलत नाही. नाटक-सिनेमाची आपण जी चिकित्सा करतो, ती या कलेच्या वाट्याला अजून आलेली नाही. चिमूरसारख्या तालुक्याच्या गावात, मुख्यतः हप्त्यावर घेतलेल्या मोबाईलवर आणि एका जुन्या कॉम्प्युटरवर चालेल ते खेळत आलेला खेळाडू म्हणून माझी कसोटी एकच आहे. गेम काय सांगतो ते नंतर बघू. आधी तो माझ्या हाताकडून काय करवून घेतो ते बघू. गोष्ट, रचना आणि वैताग, तिन्हींचा हिशेब याच एका प्रश्नात होतो.

क्लिंट हॉकिंग या गेम-रचनाकाराने 2007 साली ‘बायोशॉक’वर लिहिताना या दुखण्यावर नेमकं बोट ठेवलं होतं. त्या गेमचे नियम खेळाडूला हवं तर स्वार्थी होण्याची मोकळीक देतात. गोष्ट मात्र त्याला दुसऱ्याच्या मदतीला जायला भाग पाडते आणि तिथे त्याला विचारतच नाही. खेळ एक सांगतो, कथा दुसरंच. पुढे हा आक्षेप इतका गाजला की 2016च्या ‘अनचार्टेड 4’मध्ये हजार शत्रू मारल्यावर मिळणाऱ्या बक्षिसाला रचनाकारांनी या विसंगतीचंच नाव दिलं. आपलं व्यंग ठाऊक असणं आणि ते हसण्यावारी नेणं, या धंद्याचा स्वभाव त्या बक्षिसात पुरता दिसतो.

त्याच मालिकेतला ‘द लॉस्ट लेगसी’ (2017) आपल्याला जवळचा वाटावा असा. कथा घडते कर्नाटकातल्या पश्चिम घाटात, होयसळांच्या उद्ध्वस्त देवळांमध्ये. अर्धी भारतीय असलेली नायिका क्लोई वडिलांच्या अपुऱ्या राहिलेल्या शोधाची सल मनात घेऊन हिंडते. तिच्या आणि नॅडीनच्या गप्पा इतक्या सहज की जीप थांबवून ऐकत राहावंसं वाटतं. पण जीप थांबते ती बहुधा गोळीबारासाठी. गणपतीच्या मूर्तीकडे बघून हळवी होणारी बाई पुढच्या दहा मिनिटांत वीस-पंचवीस माणसं लोळवते आणि लगेच विनोद करते. पडद्यावरची क्लोई आणि माझ्या अंगठ्याखालची क्लोई या दोन वेगळ्या बायका आहेत. त्यांची ओळख करून द्यायला गेमला वेळ नाही.

याच्या उलट टोकाला लुकास पोपचा ‘पेपर्स, प्लीज’ (2013). चित्रं ओबडधोबड, रंग मळकट, नायक सीमेवरचा कारकून. माझ्या हाताला काम एकच: कागद तपासायचे, शिक्का मारायचा. दिवसाला जितकी माणसं निपटतील तितकी मजुरी. त्यातून घरभाडं, जेवण, शेकोटीचा खर्च आणि आजारी पोराचं औषध. मग एक नवरा पुढे जातो आणि मागून आलेल्या बायकोचे कागद अपुरे निघतात. सोडावं तर दंड, अडवावं तर घर मोडतं. इथे मला कोणी भाषण देत नाही. तहसील कचेरीच्या खिडकीसमोर सातबारा किंवा दाखल्यासाठी ताटकळलेल्या माणसाला या गेममध्ये पहिल्यांदाच खिडकीच्या आतल्या बाजूला बसवलं जातं, आणि आतला माणूस दगड कसा होत जातो हे त्याच्याच हाताला कळतं. कादंबरी हे समजावून सांगेल, सिनेमा दाखवेल. पण शिक्का आपण मारला ही टोचणी फक्त गेमच देऊ शकतो.

म्हणूनच गेममधल्या लांबलचक चित्रफितींचा मला राग येतो. आमच्याकडे झाडीपट्टीत दिवाळीनंतर होळीपर्यंत रात्रभर नाटकं चालतात. वडसा हे त्या रंगभूमीचं मोठं ठाणं, आणि तिचे कलावंत परशुराम खुणे यांना 2023 साली पद्मश्री मिळाली. मंडपातले लोक शंकरपट (बैलांची शर्यत) बघून, दिवसभराचं दमून आलेले असतात. डोळे मिटायला लागले की नट ते ओळखतो, विनोदी पात्र आत येतं, ‘वन्स मोअर’ आला की गाणं पुन्हा होतं. म्हणजे लिहून ठेवलेलं नाटकसुद्धा प्रेक्षकासमोर थोडं वाकतं. गेम तर खेळाडूशिवाय हलतच नाही. तरी त्यातली चित्रफीत वाकत नाही. ती सुरू झाली की मी हात बांधून बसायचं, आणि ती संपली की पुन्हा मारामारी. कोट्यवधी खर्चून इतकी ताठर गोष्ट सांगायची, याला कथनकलेची पिछेहाट म्हणावं लागेल.

महाराष्ट्रातला या बाबतीतला सगळ्यात गंभीर प्रयत्न पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा, ‘राजी: अॅन एन्शंट एपिक’ (2020). 2017 साली लोकवर्गणीची त्यांची मोहीम फसली, तरी त्यांनी हट्टाने गेम पूर्ण केला. राजी ही सर्कशीत कसरती करणारी मुलगी. राक्षसांनी पळवलेल्या गोलू या धाकट्या भावाला ती शोधायला निघते. इथे रचनाकारांनी एक फार शहाणी गोष्ट केली आहे. राजी भिंतीवरून धावते, खांबाला गिरकी घेऊन लाथ मारते, आणि ती हे का करू शकते हे वेगळं सांगावं लागत नाही. ती सर्कशीतली पोर आहे. हात आणि कथा इथे एकाच बाजूला आहेत. छायाबाहुल्यांनी सांगितलेला कथाभाग आणि राजस्थानी वळणाच्या हवेल्या पाहून वाटतं, आपल्याकडची दृश्यपरंपरा या कलेला किती काही देऊ शकते.

पण दुर्गा आणि विष्णू सतत बोलत राहतात. राजीला काय वाटतंय, पुढे काय धोका आहे, या भित्तिचित्राचा अर्थ काय, सगळं देवच सांगून टाकतात. एकट्या पडलेल्या मुलीची गोष्ट असूनही तिचा एकटेपणा कधी जाणवत नाही. लढाया पुढे पुढे त्याच त्या होतात, आणि शेवट असा अचानक येतो की मध्यंतरालाच पडदा पडला की काय असं वाटावं. पुण्यात बनलेल्या गेममधले देव सुरुवातीला इंग्रजीतच बोलायचे, हिंदी आवाज नंतर आले. हे दोष मी कौतुक करता करता सांगतो आहे, कारण पहिलावहिला म्हणून पाठ थोपटत राहिलो तर दुसरा प्रयत्न चांगला होणार नाही.

जंगलाच्या बाबतीत मात्र मी थोडा जास्त खडूस आहे. चिमूर तालुक्यातल्या कोलाऱ्याहून ताडोबात शिरता येतं. गाईड जिप्सी बंद करून कान देतो: वानर खोकलं का, चितळाने कॉल दिला का, कोणत्या बाजूने. वाघ दिसण्याआधी वाघाची बातमी येते, आणि पुष्कळदा बातमीच येते, वाघ येत नाही. गेममधल्या जंगलात ऐकण्याचं हे काम हाताला क्वचितच मिळतं. ‘द विचर 3’ (2015) मध्ये एक बटण दाबलं की माग आपोआप लाल चमकतो; माग काढण्यातली सगळी अक्कल गेमने स्वतःकडे ठेवलेली असते. ‘फार क्राय 4’ (2014) मध्ये वाघ कुठूनही अंगावर येतो, आणि जनावरं मारून त्यांच्या कातड्यापासून मोठं पाकीट शिवायचं असतं. माणसं आणि वाघ एकमेकांना खेटून राहतात अशा जिल्ह्यात हे खेळताना हसू येतं, थोडी शिसारीही.

गंमत अशी की त्याच ‘फार क्राय 4’ने एका जागी कमाल केली आहे. सुरुवातीला हुकूमशहा पेगन मिन नायकाला जेवणाच्या टेबलावर बसवतो आणि ‘इथेच थांब, मी आलोच’ म्हणून जातो. सगळे खेळाडू उठून पळतात, कारण गेममध्ये पळायचंच असतं अशी आपली सवय. पण खरोखर पंधराएक मिनिटं बसून राहिलं तर तो परत येतो, नायकाला आईच्या अस्थी ठेवायच्या जागी घेऊन जातो आणि गेम तिथेच संपतो. पुढची सगळी कत्तल टळते. काहीही न करणं हीसुद्धा हाताची कृती असू शकते, हे इतक्या नेमकेपणाने मी दुसरीकडे पाहिलं नाही.

जंगल ज्यांना थोडंफार कळलं असे दोन गेम. ‘फायरवॉच’ (2016) मध्ये वायोमिंगच्या रानात वणव्यावर नजर ठेवणारा हेन्री मनोऱ्यावर राहतो आणि वॉकीटॉकीवर डलायलाशी बोलतो. हातात कागदी नकाशा आणि होकायंत्र. वाट आपणच शोधायची. रहस्याचा फुगा शेवटी फुटतो, दोघांची भेट होत नाही, म्हणून अनेक खेळाडू चिडले. मला तो शेवट पटला. घरच्या दुःखापासून पळून रानात आलेल्या माणसाला रान कुठलंही मोठं गुपित देणार नाही, हेच तर सांगायचं होतं. दुसरा ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ (2017). तिथे गवत पेटतं, वाऱ्याच्या दिशेने आग सरकते, पावसात कडा निसरडा होतो आणि नायक लिंक घसरतो. त्या पावसाला जगभरच्या खेळाडूंनी शिव्या घातल्या. मी पावसाची बाजू घेईन. पाऊस सगळ्यांवर सारखा पडतो, थांबतो, आणि त्याच्याभोवती बेत आखता येतो. तो वैताग आहे, पण प्रामाणिक वैताग.

वैतागाची ही प्रतवारी मला महत्त्वाची वाटते. ‘सेलेस्ट’ (2018) मध्ये डोंगर चढणारी मॅडलिन शेकडो वेळा मरते, पण क्षणात पुन्हा उभी राहते. चूक माझी होती, कुठे होती ते दिसलं, पुन्हा करून बघता येतं. ज्याला झेपत नाही त्याच्यासाठी वेग कमी करण्याची सोय आहे, आणि ती वापरणाऱ्याला गेम कमी लेखत नाही. मनातल्या भीतीशी झगडणाऱ्या मुलीच्या गोष्टीला हे वारंवार पडणं आणि उठणं इतकं साजेसं आहे की अडचण हीच कथा होऊन जाते. उलट ‘कँडी क्रश’मध्ये पाच जीव संपले की एकेका जिवासाठी अर्धा तास थांबा, नाहीतर पैसे टाका. ही अडचण काही शिकवत नाही. ती खिशात हात घालायला लावण्यासाठी आखलेली आहे.

आमच्या गावातल्या पोट्ट्यांचा खरा गेम या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी आहे. 2016 साली जिओ आलं, डेटा स्वस्त झाला, आणि दोन-तीन वर्षांत पब्जीने चौक व्यापला. शंभर जण उतरतात, वर्तुळ लहान होत जातं, शेवटी एक उरतो. या रचनेत लिहिलेली कथा जवळजवळ नाहीच. खेळणारेच ती घडवतात, आणि सकाळी पानठेल्यावर सांगतात. रचना म्हणून मी तिला पैकीच्या पैकी गुण देईन. 2 सप्टेंबर 2020 रोजी बंदी आली, जुलै 2021 मध्ये तोच गेम बीजीएमआय नावाने परतला, जुलै 2022 मध्ये पुन्हा अडकला, 2023 मध्ये पुन्हा सुटला. अठरा वर्षांखालच्यांना दिवसाला तीन तासांची मर्यादा घातली, पण वडिलांच्या नावाच्या सिमवर खेळणाऱ्या मुलाला ती किती लागू पडते हे घरोघरी ठाऊक आहे. आणि रेंजचा प्रश्न वेगळाच. ‘नेट नाही चालून राह्यलं गा’ म्हणणारा पोट्टा हरतो तो नेमाच्या कमतरतेमुळे नव्हे, तर पिंगमुळे. रचनाकाराने शहरातलं इंटरनेट गृहीत धरलं की गावातला खेळाडू आधीच अर्धा हरलेला असतो.

त्यातच गेममधल्या बक्षिसांच्या पेट्या उघडायच्या. आत काय निघेल ते नशिबावर. बेल्जियमने 2018 साली अशा पैसे देऊन उघडायच्या पेट्यांना जुगार ठरवलं. आपल्याकडे ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणणारा कायदा केला, रमीच्या जाहिरातींचा पूर त्याने थोपवला. ई-स्पोर्ट्सला त्याच कायद्याने मान्यताही दिली. पण चटक लावणारी रचना हा कायद्याइतकाच समीक्षेचाही प्रश्न आहे, आणि समीक्षा गप्प आहे. देशी म्हणून आलेले गेम तरी वेगळे काय करतात? गलवानच्या चकमकीच्या नावावर 26 जानेवारी 2021 रोजी आलेला ‘फौजी’ भावनेवर उतरवला गेला आणि खेळायला कंटाळवाणा निघाला. पुण्याच्या सुपरगेमिंगचा ‘इंडस’ (ऑक्टोबर 2024) पब्जीच्याच वाटेने जातो. तरी त्यातली कॉस्मियम नावाची वस्तू हाती धरून ठेवून सगळ्यांना न मारताही जिंकता येतं, ही कल्पना मला आवडली. हाताला वेगळं काम दिलं की जिंकण्याचा अर्थ बदलतो.

हेच सूत्र घेऊन कोणी चिमूरवर गेम करायला बसला तर? 16 ऑगस्ट 1942, नागपंचमी. तुकडोजी महाराजांच्या भजनांनी तापलेलं गाव उठलं, गोळीबारात माणसं पडली, जमावाच्या हातून सरकारी अधिकारी मारले गेले, काही दिवस इंग्रजांचा अंमल उठला. मग लष्कर आलं आणि बायकांवर अत्याचार झाले. त्यांची चौकशी व्हावी म्हणून गांधीवादी प्रा. भन्साळींनी 63 दिवस उपोषण केलं. यावर गोळीबाराचा गेम काढणं सगळ्यात सोपं आणि सगळ्यात खोटं. त्या दिवसांत लोकांच्या हाताला खरं काम होतं ते लपवण्याचं, निरोप पोचवण्याचं, आणि पुढे साक्ष द्यायची की तोंड मिटून राहायचं हे ठरवण्याचं. चौकशी मागायची तर सांगणारं कोणी हवं, आणि सांगितलं तर गावात अब्रू जाणार. ‘पेपर्स, प्लीज’ने कारकुनाचा शिक्का जितका जड केला, तितकंच एका बाईचं गप्प राहणं किंवा बोलणं जड करता आलं पाहिजे.

असा गेम बनवायला हॉलिवूडचा खर्च लागत नाही. ‘पेपर्स, प्लीज’ मुख्यतः एका माणसाने केला. तंत्र पुण्यात आहे, चित्रकार आहेत, बोली आणि गोष्टी गावोगाव आहेत. कमी आहे ती प्रश्न विचारण्याची. तेव्हा पुढचा देशी गेम येईल तेव्हा झेंडा किती मोठा, देऊळ किती हुबेहूब, यावर न भाळता एवढंच विचारा: हा माझ्या हाताला कोणतं काम देतो, आणि त्या कामाने ही गोष्ट खरी होते की खोटी पडते? ज्या गेमला याचं उत्तर देता येत नाही, त्याला पाच तारे देऊ नका.