मॅकियाव्हेलीचे जीवन आणि वैचारिक वारसा : एक पुनर्विचार

प्रास्ताविक

पाश्चात्त्य राजकीय विचारवंतांत निकोलो मॅकियाव्हेली (१४६९-१५२७) याच्याइतकी अपकीर्ती क्वचितच कोणाच्या वाट्याला आली असेल. 'साध्य साधनांचे समर्थन करते' हे सूत्र त्याच्या नावावर सर्रास सांगितले जाते. परंतु 'द प्रिन्स' या ग्रंथात ते या शब्दांत आढळत नाही. लोक राज्यकर्त्याची पारख परिणामांवरून करतात, असे निरीक्षण अठराव्या प्रकरणात आहे. त्या निरीक्षणाचा लाभ घेण्याचा सल्लाही तो राज्यकर्त्यास देतो, हे खरे. तथापि त्याचा संपूर्ण विचार एका सूत्रात बसविल्याने मूळ प्रश्न दृष्टिआड होतो. राज्य नेमके कोणाच्या बळावर टिकते, हा तो प्रश्न होय.

जीवनानुभव

१४९८ ते १५१२ या काळात मॅकियाव्हेली फ्लॉरेन्स प्रजासत्ताकाचा सचिव होता. भाडोत्री सैन्याचा बेभरवसा त्याने जवळून पाहिला होता. म्हणूनच १५०६ मध्ये त्याच्या पुढाकाराने ग्रामीण प्रजेतून सैन्य उभारण्यात आले. १५०९ मध्ये पिसा शरण आले, तेव्हा या प्रयोगाला यश लाभले. मात्र १५१२ मध्ये प्रातो येथे स्पॅनिश फौजेपुढे हेच सैन्य कोलमडले. मेडिची घराणे पुन्हा सत्तेवर आले आणि मॅकियाव्हेली पदच्युत झाला. १५१३ मध्ये कटाच्या संशयावरून त्याला तुरुंगवास व शारीरिक छळ सोसावा लागला. 'द प्रिन्स'चे लेखन या आघातानंतरचे आहे.

दोन ग्रंथ, एक सूत्र

'डिस्कोर्सेस' (१५३१) आणि 'द प्रिन्स' (१५३२) हे दोन्ही ग्रंथ मरणोत्तर प्रसिद्ध झाले. पहिल्यात प्रजासत्ताकाचा पुरस्कार, तर दुसऱ्यात एकाधिकारी राज्यकर्त्यास उपदेश, अशी विभागणी अभ्यासक करीत आले आहेत. रूसोने १७६२ मध्ये 'द प्रिन्स' हा प्रजासत्ताकवाद्यांचाच ग्रंथ ठरविला. ही दोन्ही मते अपुरी वाटतात. प्रजेचा द्वेष न ओढवणे हाच उत्तम किल्ला, असे 'द प्रिन्स' सांगतो. रोममधील सामान्यजन व सरदारवर्ग यांच्या संघर्षातच स्वातंत्र्याचे मूळ होते, असे 'डिस्कोर्सेस' सांगतो. जनाधाराविना सत्ता टिकत नाही, हे उभय ग्रंथांचे समान सूत्र आहे.

परंतु हिंसेचे समर्थनही उभयतांत समान आहे. राज्यस्थापनेसाठी रोम्युलसने केलेली बंधुहत्या 'डिस्कोर्सेस'मध्येच क्षम्य ठरविली आहे. अशा हिंसेला मर्यादा कोण घालणार, याचे समाधानकारक उत्तर मॅकियाव्हेलीजवळ नाही. प्रातोच्या पराभवानंतरही 'आर्ट ऑफ वॉर' (१५२१) मध्ये त्याने प्रजेच्या सैन्याचा आग्रह सोडला नाही, यातून त्याची निष्ठा दिसते, तशीच अनुभवाविषयीची डोळेझाकही दिसते.

निष्कर्ष

केवळ 'द प्रिन्स'च्या आधारे अध्यापन केल्यास राजकारण म्हणजे कपट, एवढाच बोध विद्यार्थ्याच्या हाती उरतो. केवळ 'डिस्कोर्सेस'च्या आधारे केल्यास एक निर्दोष लोकशाहीवादी उभा राहतो. मॅकियाव्हेली या दोहोंपैकी कोणीही नव्हता. सत्तेला जनतेची गरज असते आणि जनतेच्या नावानेच सत्ता हिंस्र होऊ शकते, ही जाणीव दोन्ही ग्रंथांच्या एकत्रित वाचनातूनच होते. त्याच्या वारशाचे खरे मूल्य याच अस्वस्थ करणाऱ्या जाणिवेत आहे.